दाद-फिर्याद

सोमवार, ९ डिसेंबर २०१३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नेकबख्तचा जबाब घ्यायला सुरुवात झाली. दुपारी दोनच्या सुमारास तो संपला. टाइप केलेली सहा पाने झाली. प्रत्येक पानावर तिने अंगठ्याशेजारी सही केली आणि शेवटच्या पानावर, दुभाषी म्हणून, मी केली.

जागा रुक्साना तांबोळीच्या ऑफिसची. पुण्याच्या लष्कर भागात, गादी कारखान्याच्या वर, पहिला मजला. खाली मेहबूबचाचांचे कापूस पिंजायचे यंत्र दिवसभर एका सुरात घुमत असे आणि फळ्यांच्या फटींतून, खिडकीतून, कापसाचे बारीक तंतू वर येत. ऊन आत आले की ते दिसायचे. पडत नसत, चढतही नसत. रुक्साना कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकून ठेवायची. ती वकील, मी एका मराठी दैनिकाची कोर्टाची बातमीदार. ओळख पंधरा वर्षांची.

नेकबख्त चौतीस वर्षांची होती. अफगाणिस्तानातल्या गझनी प्रांतात, डोंगरातल्या एका खोऱ्यात तिचे गाव. घशाच्या ऑपरेशनसाठी ती मेडिकल व्हिसावर पुण्यात आली होती. स्वरतंतूंवर गाठ होती. ती काढून अकरा दिवस झाले होते. सहा आठवडे मोठ्याने बोलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून ती कुजबुजत बोलत असे. फेब्रुवारीत तिचा व्हिसा संपत होता. तिला परत जायचे नव्हते. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परदेशी माणूस एकतर व्हिसा असलेला, नाहीतर नसलेला. दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे कार्यालय आहे. परत गेल्यास जिवाला धोका आहे हे त्यांना पटले, तर ते निर्वासित असल्याचे कार्ड देतात. त्या कार्डाचा आधार मिळतो. त्यासाठी हा जबाब होता.

पुण्यात त्या आठवड्यात दुभाषी मिळेना. रुक्सानाने मला फोन केला.

"वैजू, तुला फार्सी येते ना गं?"

"कागदातली येते. मोडीबरोबर शिकले होते दोन वर्षं. पेशव्यांच्या वेळची."

"तीच भाषा की. ये तू."

मी गेले. नेकबख्तला मी तिच्या भाषेत नाव सांगितले तेव्हा ती जरा हसली. नंतर कळले की माझे बोलणे तिला जुन्या फर्मानासारखे वाटत होते. पण समजत होते. ती मला 'ख्वाहर' म्हणू लागली, म्हणजे बहीण.

चहा आला. तिने साखर वेगळी मागितली आणि खडा दातांत धरून बिनसाखरेचा चहा प्यायली.

"माझी आजी अश्शीच प्यायची," रुक्साना म्हणाली. "डॉक्टर ओरडायचे. शेवटी दात गेले, पण सवय काही गेली नाही. हं, विचार तिला. सुरुवातीपासून."

कामाची पद्धत ठरली. नेकबख्त कुजबुजायची, मी कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकायची आणि मराठीत सांगायची, रुक्साना ते इंग्रजीत टाइप करायची. कायद्याचे इंग्रजी तिच्या बोटांत होते.

तिने सांगितले ते असे. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. तिचा भाऊ चमन अली भूसुरुंग काढणाऱ्या एका संस्थेची गाडी चालवत असे. त्या दिवशी तो तिला आजोळाहून घरी आणत होता. रस्त्यावर बर्फ होते, गाडी सावकाश चालली होती. एका वळणावर चार माणसे उभी होती. त्यांनी गाडी थांबवली, संस्थेचा कागद पाहिला आणि भावाला उतरवले. त्यांतल्या एकाला तिने ओळखले. बाजारात त्याचे लोखंडाचे दुकान होते. भावाला ते ओढ्याच्या बाजूने खाली घेऊन गेले. ती रस्त्यावर उभी राहिली. बर्फ असे पडत होते की माणसे चालत गेली की विरघळली, ते कळेना, असे ती म्हणाली.

हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की यंत्राच्या घुमण्यात तो मिसळू लागला. मी आणखी जवळ सरकले. तिच्या केसांवर कापसाचा एक तंतू येऊन बसला होता. तिने तो काढला नाही, मीही नाही.

"मग तिने काय केलं?" रुक्सानाने विचारले.

मी विचारले. ती बोलली. मी सांगितले, "तिने तीन वेळा दाद-फिर्याद केली. कोणी आलं नाही."

रुक्सानाची बोटे थांबली. "हे महत्त्वाचं आहे. कुणाकडे केली? पोलिसांकडे?"

मी विचारले. नेकबख्तने खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी सांगितले, "जे कुणी ऐकतील त्या सगळ्यांकडे, म्हणते."

"म्हणजे पोलीस, प्रांतातले अधिकारी, सगळे. ठीक. संबंधित अधिकाऱ्यांकडे, असं लिहिते." ती टाइप करू लागली. "बघ, वैजू, कायदा हेच विचारतो. तुझ्या सरकारने तुला वाचवलं का? तू गेली होतीस का त्यांच्याकडे? ही तीनदा गेली. आणि कुणी फिरकलं नाही. केस उभी राहिली."

नेकबख्त आणखी एक वाक्य बोलली. त्यात डोंगर होता. वाक्य सुंदर होते, पण त्यात माहिती नव्हती. मी ते घेतले नाही.

पुढचे सरळ होते. भाऊ सापडला नाही. आठ दिवसांनी लोखंडवाल्याची माणसे घरी आली आणि त्या मुलीने काय पाहिले, असे विचारून गेली. महिन्याने परत आली. मग ती काबूलला नातेवाइकांकडे लपून राहिली आणि तिथून उपचारासाठी इकडे आली.

त्या रविवारी मी बातमी केली. नाव बदलले, गाव गाळले. मथळा मीच दिला होता: 'दाद ना फिर्याद'. खाली लहान अक्षरांत: 'तीनदा तक्रार करूनही भावाचा शोध नाही, अफगाण महिलेची पुण्यात आश्रयासाठी धडपड'. आमचे संपादक देशमाने सरांनी मथळ्याखाली लाल पेनने रेघ मारून 'छान' लिहिले. रुक्सानाने कात्रणाचा इंग्रजी अनुवाद करून ते अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडले. माझ्या भाषांतराला माझ्याच बातमीचा पुरावा झाला. हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आले नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०१४. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मी परत त्याच खोलीत गेले. नेकबख्त त्याच खुर्चीत होती. टेबलावर दिल्लीचे दोन पानी पत्र होते. अर्ज नामंजूर.

कारण एकाच परिच्छेदात होते. लेखी जबाबात अर्जदाराने तीन वेळा संबंधित अधिकाऱ्यांकडे तक्रार केल्याचे म्हटले आहे, वृत्तपत्रातही तसेच आले आहे. प्रत्यक्ष मुलाखतीत मात्र आपण कोणाकडेही कधीही तक्रार केली नाही असे तिने सांगितले. दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत. घटनेच्या गाभ्याबाबत अशी विसंगती असल्याने उर्वरित कथनही विश्वासार्ह मानता येत नाही.

अपिलाला तीस दिवस होते. त्यातले बारा गेले होते. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयाची नोटीसही आली होती. १० डिसेंबरपर्यंत देश सोडा.

"काय केलं हिने असं?" रुक्साना मराठीत म्हणाली. नेकबख्तला बाजारापुरते हिंदी येऊ लागले होते, मराठी नाही. "चांगली तीनदा फिर्याद केलेली. तिथं जाऊन म्हणते, केलीच नाही. घाबरली असेल. सरकारविरुद्ध बोलायला घाबरतात गं, इथे येऊनसुद्धा."

"आता?"

"एकच मार्ग दिसतो. अपिलात लिहायचं, मुलाखतीच्या वेळी ती भेदरलेली होती, आठवण दगा देत होती. तक्रारी केल्या होत्या, तिथे सांगता आल्या नाहीत. अशा केसमध्ये माणसं विसरतात, हे त्यांनाही माहीत असतं. मानसोपचाराचा एखादा कागद लावू. तुझी सही मग जागच्या जागी राहते."

मला ते पटले. अडचणीचे काही राहत नव्हते. "तिला समजावते," मी म्हटले.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. घसा बरा होऊन बरेच महिने झाले होते, पण कुजबुजायची सवय राहिली होती. मी म्हटले, दिल्लीत विसरलात तर विसरलात, त्यात लाज नाही. आता नीट आठवा. त्या तीन फिर्यादी कोणत्या दिवशी केल्या, कोणत्या कचेरीत.

ती गोंधळली. "कचेरी?"

"जिथे फिर्याद केलीत ती."

"रस्त्यावर," ती म्हणाली. "ख्वाहर, मी सांगितलं होतं ना. रस्त्यावर."

"रस्त्यावर पोलीस होते?"

"कोणी नव्हतं."

मी रुक्सानाकडे पाहिले. ती पेनाने टेबलावर टिकटिक करत होती. "काय म्हणते?"

"म्हणते, रस्त्यावर केली."

"रस्त्यावर कशी करणार फिर्याद? विचार ना नीट."

मी दुसरा शब्द वापरून पाहिला. शिकायत? अर्ज? नेकबख्तने जोरजोरात मान हलवली. "शिकायत नाही. शिकायत कधीच नाही. कुणाकडे करणार? त्या ठाण्यातला माणूस लोखंडवाल्याचा मेहुणा. शिकायत नाही. दादो-फर्याद."

"दोन्हींत फरक काय?"

तिला शब्द सापडेना. तिने हाताने गळ्यापासून पुढे काहीतरी फेकल्यासारखे केले. मला कळेना. माझ्यापुढे वहीची पाने होती, आणि त्यांच्यामागे, मी शिकताना वाचलेल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या अर्जांच्या ओळी होत्या, सगळ्या सारख्याच: अमुक पाटलाने फिर्याद केली, हुजुरातून दाद मिळावी.

नेकबख्त उठली. तिने गळ्याभोवतीची ओढणी काढून खुर्चीवर ठेवली, टेबल आणि खिडकी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि किंचाळली.

त्या आवाजाला शब्द नव्हता. कुजबुजणाऱ्या त्या अंगात तो कुठे होता, कोण जाणे. किती वेळ चालला ते मी सांगू शकत नाही, मी घड्याळ पाहिले नाही. ती थांबली, श्वास घेतला. पुन्हा. पुन्हा एकदा. तीन वेळा.

खालचे यंत्र बंद झाले. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत शांतता पहिल्यांदा ऐकली. उन्हात कापूस होता तिथेच होता. असे वाटत होते की खोली कुठेतरी उंचावर आहे आणि बाहेर काहीच नाही.

मग जिन्यावर पावले वाजली.

पहिले आले मेहबूबचाचा, हातात गादी झोडपायची काठी, भुवयांवर पांढरा कापूस. त्यांच्यामागे समोरच्या झेरॉक्सवाल्या सुलोचनाबाई, हातात स्टेपलर तसाच. त्यांच्यामागे हेल्मेट घातलेला एक कुरियरवाला, ज्याला आमच्यापैकी कोणीही ओळखत नव्हते.

"काय झालं? कोणी हात लावला हिला?" चाचांनी काठी उचललीच होती.

"काही नाही चाचा. कामाचं चाललंय," रुक्साना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"हे काम? वकिलीण बाई, असलं काम करता होय वर?"

सुलोचनाबाई सरळ आत आल्या, नेकबख्तचा हात धरून तिला खुर्चीत बसवले. "पाणी द्या आधी तिला. बाई गं, थरथरतेय सगळी. नुसत्या बघत काय बसल्यात दोघी?"

नेकबख्त दारातल्या माणसांकडे एकेक करून पाहत होती. काठी, स्टेपलर, हेल्मेट. तिने मला काहीतरी सांगितले. पुन्हा कुजबुजूनच.

"काय म्हणते?" चाचांनी विचारले.

"म्हणते, आले."

"आता असं ओरडल्यावर येणार नाही काय माणूस!" चाचा म्हणाले आणि काठी टेकवत खाली गेले. कुरियरवाल्याने रुक्सानाकडून एका पाकिटाची सही घेतली. ते दुसऱ्याच कुणाचे होते, म्हणून परत घेतले. सुलोचनाबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. यंत्र पुन्हा सुरू झाले.

"ते काय म्हणाले?" नेकबख्तने विचारले.

"काही नाही," मी सांगितले.

रुक्साना म्हणाली, "आमच्यातसुद्धा फरियाद म्हणजे गाऱ्हाणंच गं. माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही."

"माझ्याही."

"आणि संबंधित अधिकारी मी घातले. ती म्हणाली होती, जे कुणी ऐकतील." तिने ओढणी उचलली, कॉम्प्युटरवर टाकली, पुन्हा काढली. "वैजू, मघाशी आपण तिला काय सांगायला निघालो होतो?"

मी वही मिटली. तीच पुढे म्हणाली,

"आणि याची गरजच नव्हती. मदत मागून उपयोग नसेल तर तक्रार केली नाही म्हणून कुणाचं संरक्षण जात नाही. ठाण्यात मेहुणा बसलाय, एवढं पुरेसं होतं. तिची केस तशीच उभी होती. आपणच तिला नको ते टेकू लावले."

नेकबख्तला आम्ही सगळे सांगितले. कुठला शब्द, कुठे काय झाले. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "ख्वाहर, डोंगराचं लिहिलंत ना?"

ते वाक्य मला लख्ख आठवले. फकत कोह जवाब दाद. फक्त डोंगराने उत्तर दिले. ते सहा पानांत असते, तर दिल्लीतल्या कुणालाही कळले असते की डोंगरापाशी कोणी तक्रार नोंदवत नाही.

"नाही," मी म्हटले.

"का?"

"जागा नव्हती."

१४ नोव्हेंबरला मी प्रतिज्ञापत्र केले. मजकूर रुक्साना सांगत होती, मी दुरुस्त करत होते.

"तुझ्या फार्सीबद्दल काय लिहू?"

"दोनशे वर्षांपूर्वीची आहे, म्हणून लिही."

"असंच?"

"असंच."

'संबंधित अधिकारी' या शब्दांबद्दल दुसरे प्रतिज्ञापत्र रुक्सानाने स्वतःचे केले. वकील साक्षीदार झाला की त्या केसमध्ये वकील राहत नाही. नेकबख्तचे वकीलपत्र तिने त्याच दिवशी दुसऱ्याकडे दिले. घशाच्या डॉक्टरांकडेही आम्ही गेलो. गाठ किंचाळण्याने आली असे लिहून द्याल का, विचारले. "होऊ शकतं," ते म्हणाले, "पण भाजीवाल्यांनाही होते, शिक्षकांनाही. त्यातली ही कुठली, ते गाठ सांगत नाही." ही परवा किंचाळली, हे मात्र त्यांनी तपासताच ओळखले आणि तिघींनाही झापले. सूज पुन्हा आली होती.

राहिली बातमी. मी देशमाने सरांच्या केबिनमध्ये गेले.

"शुद्धिपत्र? अकरा महिन्यांनी?" त्यांनी चष्मा काढला. "वैजयंतीबाई, वाचक काल सकाळचं विसरतो. कुणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग?"

"बातमी दिल्लीच्या फायलीत आहे, सर. ती खोटी आहे."

"खोटी नाही. चुकीची."

"फायलीला तो फरक कळत नाही."

त्यांनी चष्मा परत लावला. "मथळ्याचं काय करणार? तो चांगला होता."

"तोच चुकलाय."

१९ नोव्हेंबरला सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, ते छापून आले. मजकूर माझा: 'गेल्या वर्षी १५ डिसेंबर रोजी प्रसिद्ध झालेल्या "दाद ना फिर्याद" या वृत्तात संबंधित महिलेने तीनदा फिर्याद केली, असे म्हटले होते. ते तीनदा किंचाळली, असे वाचावे.'

अपील मुदतीत गेले. ८ डिसेंबरला उच्च न्यायालयाने देश सोडण्याच्या नोटिशीला अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती दिली. २०१६च्या मार्चमध्ये दिल्लीत तिची फेरमुलाखत झाली. तिचे नवे वकील आत होते. अधिकाऱ्याने विचारले, तुम्ही तक्रार केली नव्हती, तर दुभाष्याला तसे का सांगितले? ती म्हणाली, मी सांगितले नाही, तिला तसे ऐकू आले. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले. डोंगराचे वाक्यही घेतले, असे वकिलांनी मला फोनवर सांगितले.

त्यानंतर निकाल आलेला नाही. राहण्याची परवानगी दर सहा महिन्यांनी वाढवून मिळते. प्रत्येक वेळी नवा शिक्का, नवी तारीख. चमन अलीचा पत्ता लागलेला नाही. लोखंडाचे दुकान चालू आहे, असे गावाकडून येणारे सांगतात.

नेकबख्त कोंढव्यात राहते, शिवणकाम करते. आवाज पूर्ण परत आला नाही, जरा खरखरीत राहिला. मराठी बोलते, क्रियापदे पुल्लिंगी वापरते. आज सकाळी सव्वानऊला तिला फोन केला. नव्या मुदतवाढीचे काही कळले का, विचारले. मागे मशीन चालू होते.

"नाही कळला, ताई. वकील बोलला, थांबा."

"मी येऊ का आज?"

"आज नको. पाच तारखेपर्यंत मला वेळ नाही. नवरीचे अकरा ब्लाउज आहेत, सात तारखेचं लग्न. अस्तर पण चुकीचा आणला त्यांनी." तिने कुणालातरी हिंदीत रागावून काही सांगितले आणि परत फोनवर आली. "सहा तारखेला या. जेवायला."

मी बरे म्हटले.

तिची परवानगी तीस जूनपर्यंतची आहे. आज अठ्ठावीस.